एका रक्ताच्या तीन पिशव्या

चौथ्या महिन्यातल्या नेहमीच्या तपासणीत शिवलीलाच्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्या दिवशी तिला जो पहिला प्रश्न विचारला गेला, तो तिच्या तब्येतीबद्दल नव्हता आणि पोटातल्या बाळाबद्दलही नव्हता.

"लग्नाआधी कुणाशी संबंध होते का?" समुपदेशक बाईंनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"नाही."

"मोकळेपणानं बोला. इथलं बाहेर जात नाही."

"नाही म्हटलं ना. मला थॅलेसेमिया आहे, मॅडम. लहानपणापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तिथूनच आलं असणार."

बाईंनी समोरच्या पडद्यावर बोट फिरवलं. शिवलीलाला आजवर चढवलेल्या पिशव्यांची रांग त्यावर सरकत गेली. प्रत्येक पिशवीपुढे हिरवा ठिपका होता.

"सगळ्या हिरव्या आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे रक्तातून येणं शक्यच नाही. तुम्ही शांतपणे आठवून बघा."

शिवलीला कोरे मिरजेच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. तिचं शरीर स्वतःपुरत्या तांबड्या पेशी बनवू शकत नव्हतं. दुसऱ्यानं दिलेलं रक्त चढलं की ती फळ्यासमोर उभी राहायची, पोरींना ओरडायची, गच्चीत पापड घालायची. तीन आठवडे होत आले की जिना चढताना धाप लागायची आणि ओठ पांढरे पडायचे. मग पुन्हा रुग्णालय, पुन्हा पिशवी. या हिशेबात ती वाढली, शिकली, नोकरीला लागली. थॅलेसेमियाची मुलगी म्हणून कुणी पदरात घेईल की नाही अशी तिच्या आप्पांना धास्ती होती. पण तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीचे ड्रोन दुरुस्त करणारा मल्लेश कोरे सगळं माहीत असूनही तिला मागणी घालायला आला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आता त्या हिरव्या ठिपक्याबद्दल सांगायला हवं.

कुणालाही नवा संसर्ग झाला की विषाणू पहिले काही दिवस रक्तात इतके विरळ असतात की कुठल्याच तपासणीला सापडत नाहीत. माणूस धडधाकट दिसतो, रक्तदान करतो, अहवाल स्वच्छ येतो, आणि पिशवीत मात्र विषाणू असतो. या दिवसांची ही फट जुनीच. प्रत्येक पिशवी एकेकटी तपासली तर फट जेमतेम आठवडाभराची उरते, पण पूर्ण बुजत नाही. डॉक्टरांना हे माहीत होतं आणि विचारलं तर ते तसं सांगतही.

तीन वर्षांपूर्वी राज्यात 'पारख' आली. पारख ही एक संगणकप्रणाली होती. रक्तदात्याचं वय, आजारपणं, मनगटावरच्या घड्याळानं नोंदवलेला ताप, झोप, नाडी, प्रवास हे सगळं ती वाचायची आणि हा माणूस किती धोक्याचा ते ठरवायची. कमी धोक्याच्या चौसष्ट जणांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून त्या मिश्रणाची एकच तपासणी व्हायची. मिश्रण स्वच्छ निघालं की चौसष्टही पिशव्यांवर हिरवा शिक्का. काम झपाट्यानं व्हायचं, रक्ताचा तुटवडा संपला. पण एखाद्याच्या रक्तात मुळातच विरळ असलेला विषाणू चौसष्टांत मिसळला की आणखी विरळ व्हायचा. भरल्या विहिरीत चिमूटभर मीठ टाकून चव बघावी, तसं. फट बुजण्याऐवजी रुंद झाली होती. पारखच्या मते मात्र तसं काही होण्याची शक्यताच नव्हती, कारण धोक्याची माणसं तिनं आधीच बाजूला काढलेली असत.

एवढ्यावर भागलं असतं तर ती एका यंत्राची चूक ठरली असती. पण त्यावर कायदा झाला. रक्ताबद्दल उगाच भीती पसरू नये म्हणून राज्य रक्तसुरक्षा प्राधिकरणानं ठरवलं की हिरवी पिशवी निर्विवाद निर्धोक मानायची, आणि तिचा शिक्का मोडून कुणी पुन्हा तपासणी केली तर तो गुन्हा. रुग्णालयांच्या भिंतींवर 'शून्य धोका' असे फलक लागले. एकदा रक्ताचा दोष शून्य ठरला की उरलेला सगळा दोष माणसाच्या वागणुकीच्या खात्यात जमा होतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि चालून गेलं असेल.

मल्लेशची तपासणी झाली. त्याला संसर्ग नव्हता. ही आनंदाची बातमी होती, पण त्या घरात ती आरोपासारखी पोहोचली.

"मल्लूला नाही, मग हिला कुठून आलं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरात आपल्या जावेला विचारलं. शिवलीला दारातच उभी होती.

मल्लेश दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसला.

"मी तुझ्यावर संशय घेत नाही," तो म्हणाला. "पण मला खरं काय ते कळू दे. काही असलं तरी आपण बघू."

"काही नाहीये. रक्तातून आलंय."

"मी चौकशी केली. रक्तातून येऊ शकत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. तिथं लिहिलंय. यंत्र खोटं कशाला बोलेल, लीला? त्याला काय मिळणार?"

"आणि मला काय मिळणार?"

तो उठून बाहेर गेला. त्याच दिवशी शिवलीला कपडे भरून आप्पांकडे आली. आप्पांनी दार उघडलं, पिशवी हातातून घेतली आणि काही न विचारता चहा टाकला. शाळेत मुख्याध्यापिकांनी तिला जवळ बसवून सांगितलं की बाळंतपणाची रजा आत्तापासूनच घेतली तर बरं, पालकांच्या कानावर काय काय जातंय. ही रजा विश्रांतीसाठी नव्हती, हे दोघींनाही कळत होतं.

डॉक्टर नसीम पठाण या तिच्या लहानपणापासूनच्या रक्तविकारतज्ज्ञ. त्यांनी औषधं लगेच सुरू केली. "वेळेवर घेतलीस तर बाळाला होणार नाही. जवळजवळ नक्कीच," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लीला, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण प्राधिकरणाला मी तीनदा कळवलं, तीनदा एकच उत्तर आलं. पिशव्या हिरव्या आहेत, रुग्णाच्या वर्तनाची चौकशी करा. पुरावा असल्याशिवाय ते हलणार नाहीत."

"पुरावा कसला असतो याचा?"

"त्याच दात्याचं रक्त मिळालेलं दुसरं कुणीतरी सापडायला हवं. ती नावं मात्र प्राधिकरणाकडेच असतात, आणि ते देणार नाहीत."

एचआयव्हीच्या गोळ्या दर महिन्याला सिव्हिल हॉस्पिटलमधल्या केंद्रावर मिळायच्या. दुसऱ्या खेपेला शिवलीला बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. आतून एका पुरुषाचा भरदार आवाज आला.

"बाई, पन्नाशी उलटली माझी. बायको न्हाई, लेकरं न्हाईत. सगळी हयात तालमीत गेली. लंगोटाचा पक्का माणूस हाय मी, सगळ्या तालुक्याला विचारा."

"सगळे असंच म्हणतात हो, वस्ताद," समुपदेशक बाई म्हणाल्या. तोच मऊ आवाज.

माणूस बाहेर आला. कान कुस्तीत चुरगाळलेले, मान बैलासारखी, आणि नजर मात्र जमिनीला खिळलेली. हातातली औषधांची पिशवी त्यानं सदऱ्याखाली लपवली. शिवलीला त्याच्यामागोमाग व्हरांड्यात गेली.

"वस्ताद, थोडं थांबता का? मी आतलं ऐकलं. मलाही असंच म्हणाल्या त्या."

त्यानं तिच्याकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं, आणि कठड्याला टेकून उभा राहिला. नाव दाजीबा चौगुले. कृष्णाकाठच्या एका गावात तालीम चालवायचे. संसर्गाची बातमी फुटल्यावर गावकऱ्यांनी तालमीची किल्ली परत मागितली होती. पोरांच्या अंगाला अंग लागतं, म्हणाले.

"तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

"रक्त? न्हाई बा."

शिवलीलाचा चेहरा उतरला. ती वळणार तोच वस्ताद म्हणाले, "डेंगी झाला तवा पिवळं पाणी चढीवलं हुतं. ते रक्त न्हवं."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

पिवळं पाणी म्हणजे प्लेटलेट्स. एका माणसाचं रक्त घेतलं की ते तसंच्या तसं कुणाला देत नाहीत. त्याचे तीन भाग करतात. तांबड्या पेशी शिवलीलासारख्यांना जातात. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्या डेंगीच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला जातात. उरलेला पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. तो गोठवला तर वर्षभर राहतो. एका रक्ताच्या तीन पिशव्या, तीन माणसांसाठी, पण तिन्हींवर क्रमांक एकच.

शिवलीलालाही गणपतीच्या आधी रक्त चढवलं होतं. पठाण मॅडमनी दोघांच्या रुग्णालयाच्या कागदांवरचे पिशव्यांचे क्रमांक शेजारी शेजारी ठेवले. क्रमांक एकच होता.

"आता विषाणूच वाचू," त्या म्हणाल्या.

एचआयव्ही शरीरात सारखा बदलत असतो. स्वतःच्या नकला काढताना तो चुका करतो आणि त्या चुका साठत जातात. त्यामुळे प्रत्येक रुग्णातल्या विषाणूची घडण वेगळी होते. दोन माणसांत अगदी सारखा विषाणू सापडला, तर तो एकाच ठिकाणाहून आणि नुकताच आलेला असणार. सगळी घडण अक्षर न् अक्षर वाचायला पूर्वी आठवडे लागत, आता एका दुपारीत होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेनं दोन्ही नमुने वाचले. शिवलीला आणि वस्तादांच्या शरीरातले विषाणू सख्ख्या भावंडांसारखे निघाले.

हा अहवाल घेऊन तिघं प्राधिकरणासमोर सुनावणीला गेली. समोर डॉक्टर समीरण देवल बसले होते. पारख राज्यात आणणारे तेच. त्यांनी अहवाल सावकाश वाचला.

"उत्तम काम आहे," ते म्हणाले. "विषाणू जुळतात हे मला मान्य. याचा अर्थ एवढाच, की या दोघांचा संसर्ग एकमेकांशी जोडलेला आहे. तो रक्तातूनच जोडला गेला, हे यातून सिद्ध होत नाही. दोघं एकाच जिल्ह्यातली आहेत. ओळख आहे, एकत्र आली आहेत..."

पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं.

दाजीबा वस्ताद उठले. त्यांच्या मुठी आवळल्या आणि शिवलीलाला वाटलं, आता हे टेबल उलटणार. पण त्यांनी फक्त हात जोडले, आणि ते बघणं जास्त कठीण होतं.

"साहेब, ही पोर मला लेकीसारखी हाय," ते म्हणाले. "मला काय म्हणायचं ते म्हणा. हिच्याबद्दल असं बोलू नका."

"मी कुणाचाही अपमान करत नाही. शास्त्रात सगळ्या शक्यता मांडाव्या लागतात."

"आमच्याबद्दल सगळ्या शक्यता मांडता," शिवलीला म्हणाली. "पिशवीबद्दल एकही मांडत नाही. तिथं थेट शून्य म्हणता. मी गणित शिकवते, साहेब. फार लहान आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी सातवीच्या पोरींना शिकवते. तुम्ही लहानाला शून्य लिहिलंत, आणि तुमचं उत्तर जुळावं म्हणून मला वाईट चालीची ठरवलंत. माझं घर गेलं. यांची तालीम गेली. त्या क्रमांकाची तिसरी पिशवी कुठे आहे, ते सांगा."

देवलांच्या सहायकानं यंत्रात शोधलं. प्लाझ्माची ती पिशवी सांगलीच्या रक्तकेंद्रात गोठवलेली होती. हिरवी. कुणाला गरज पडली की जाणार.

"ती तपासा," पठाण मॅडम म्हणाल्या.

"हिरवी पिशवी उघडता येत नाही, डॉक्टर. तुम्हाला कायदा माहीत आहे. एक उघडली की उद्या प्रत्येक जण आपली उघडा म्हणेल. लोकांचा विश्वास उडाला तर रक्तदान थांबेल. त्यात किती माणसं मरतील, याचा विचार करा."

देवल हे मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच त्यांचा जास्त राग येत होता. लोकांचा विश्वास टिकावा म्हणून दोन माणसांना खोटं पाडायला त्यांना काहीच वाटत नव्हतं.

पठाण मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली. "मग मी आजच सांगून ठेवते. रुग्णासाठी प्लाझ्मा मागवायचा मला अधिकार आहे. मी ती पिशवी मागवणार, रुग्णाला देणार नाही, शिक्का मोडून तपासणार. तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर नोंदवा."

बाहेर आल्यावर शिवलीलानं त्यांचा हात धरला. "मॅडम, नोकरी जाईल तुमची. निवृत्तीला किती थोडं राहिलंय."

"ती पिशवी उद्या एखाद्या बाळंतिणीला चढली तर?" त्या म्हणाल्या. "आणि वर तिलाही विचारतील, लग्नाआधी कुणाशी संबंध होते का."

मागवलेली हिरवी पिशवी अडवायला कायद्यात कलमच नव्हतं, त्यामुळे ती आली. एकेकटी तपासल्यावर तिच्यात विषाणू सापडला. संख्येनं थोडा, पण स्पष्ट. त्याची घडण त्याच दोन भावंडांशी जुळली. शिवलीला आणि वस्ताद यांची ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून ही पिशवी बर्फात पडून होती, त्यामुळे देवलांची ती शक्यता तिथंच संपली. दाता एक तरुण होता. कॉलेजच्या शिबिरात चांगल्या मनानं रक्त देऊन गेला होता आणि आपल्याला काही झालंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याला बोलावून औषधं सुरू केली.

पठाण मॅडमना निलंबित करण्यात आलं. मग बातमी फुटली, लोक रुग्णालयांच्या दारात जमले आणि उच्च न्यायालयानं सरकारला सगळा गोठवलेला प्लाझ्मा तपासायला लावला. आणखी पिशव्या सापडल्या. त्याच क्रमांकांच्या बाकीच्या पिशव्या चढलेल्या माणसांची नावं सापडली. त्यांत नवऱ्यानं टाकलेल्या दोघी होत्या. साखर कारखान्यातला एक माणूस गाव सोडून गेला होता, त्याचा पत्ता लागेना. एका बाईनं औषधं घेतलीच नव्हती, कारण औषध घेतलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल असं तिला वाटलं होतं. तिच्यापर्यंत लोक पोहोचले तेव्हा फार उशीर झाला होता.

प्राधिकरणानं पत्रक काढलं. त्यात 'अपवादात्मक तांत्रिक त्रुटी' असे शब्द होते. माफीचा शब्द नव्हता. पण निर्विवाद निर्धोक हे कलम रद्द झालं, पिशव्या पुन्हा एकेकट्या तपासल्या जाऊ लागल्या आणि चार महिन्यांनी पठाण मॅडम कामावर परतल्या.

शिवलीलाला मुलगी झाली. तिला संसर्ग नव्हता. वस्ताद बाळंतविडा घेऊन आले. गावकऱ्यांनी तालमीची किल्ली परत आणून दिली होती, त्यांनी घेतली नव्हती. "नदीपल्याड नवा आखाडा खणतोय," म्हणाले. "येतील त्यांना शिकवीन."

बारशाच्या आधी मल्लेश आला. मुलीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, रडलाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आता सगळं सिद्ध झालंय. घरी चल. आईसुद्धा येणार आहे न्यायला."

"सिद्ध झालं नसतं तर आला असतास?"

त्यानं मुलीचं दुपटं नीट केलं.

"ती पिशवी वितळून गेली असती, नाहीतर कुणाला चढली असती, तर मी आजही तुझ्या लेखी खोटीच असते. तेव्हा यंत्र म्हणालं म्हणून तू मला खोटी मानलंस. आता दुसरं यंत्र म्हणतंय म्हणून खरी मानतोस. माझ्या शब्दाला तुझ्याकडे कधी किंमत मिळाली, मल्लेश?"

"मी काय करायला हवं होतं?"

"माझ्याजवळ बसायला हवं होतंस. बाकी काही नाही." तिनं मुलगी त्याच्याकडून घेतली. "मुलीचा बाप आहेस, येत जा तिच्यासाठी. मी मात्र येणार नाही."

तिच्या बोलण्यात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. आप्पांनी मल्लेशला दारापर्यंत सोडलं.

पुढच्या आठवड्यात जिना चढताना शिवलीलाला धाप लागली. रक्ताची वेळ झाली होती. बाळाला आप्पांकडे ठेवून ती रुग्णालयात गेली. भिंतीवरचा फलक काढलेला होता, त्याच्या जागी रंगाचा फिकट चौकोन दिसत होता. पठाण मॅडम स्वतः पिशवी घेऊन आल्या.

"ही एकटी तपासलीय," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे. पण पहिल्या काही दिवसांतला विषाणू अजूनही सापडत नाही, लीला. धोका फार लहान आहे. शून्य नाही."

"इतकंच सांगितलं असतं ना, मॅडम, तरी मी दर वेळी मुकाट्यानं घेतलं असतं," शिवलीला म्हणाली. ती खाटेवर आडवी झाली आणि तिनं हात पुढे केला.